कानशीवर कानस

भोपाळच्या कोटऱ्यातल्या ह्या घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही. घर बघायला आलो तेव्हाच मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "पानी सुबह छह से सात, छत पर अचार-पापड़ सुखाओ, कोई मनाही नहीं, बस दीवार में कील नहीं." ह्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मनात कानशी आहेत हे मला तेव्हाच कळलं.

हे सरकारी खात्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये मागच्या व्हरांड्यात ह्यांनी एक लांब फळी लावली होती. तिला खाचा पाडल्या होत्या आणि प्रत्येक खाचेत एक कानस मुठीपाशी अडकून लोंबत असे. कानस म्हणजे लोखंड घासायची पोलादाची पट्टी, अंगभर बारीक दाते आणि धरायला लाकडी मूठ. इकडे तिला रेती म्हणतात. ह्यांच्याकडे अशा बावीस होत्या. चपट्या, गोल, अर्धगोल, तीनधारी, काही हातभर लांब तर काही बोटाएवढ्या. त्यांच्याबद्दल ह्यांचा एकच नियम होता, कानशीवर कानस ठेवायची नाही. "दात्यावर दाता घासला की दोन्ही मेल्या," असं ते म्हणत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते ऐकत होते. मी त्यांना हात लावायचा नाही असाही नियम होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. त्याची गरजच पडली नाही. मी आपली स्वयंपाकघर आणि शिलाई मशीन सोडून कशाला हात लावणारी नव्हते.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटला आणि आम्ही इथे दोन खोल्यांत आलो. फळी लावायला भिंत नाही, म्हणून ह्यांनी एकेक कानस वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत निजवली. मधे मधे जुन्या वह्यांचे पुठ्ठे घातले. ट्रंक दिवाणाखाली गेली आणि दिवाणाखालच्या रजया बाहेर आल्या. त्या खुर्चीवर ठेवल्या तर बसायला जागा नाही, खाली ठेवल्या तर चालायला नाही. रोज सकाळी मी त्या इकडून तिकडे उचलायची आणि मनात त्या ट्रंकेला नावं ठेवायची.

आमच्या मुलीने आयटीआयला फिटर ट्रेड घेतला तेव्हा नातेवाइकांनी फोन करकरून विचारलं की पोरीला शिवणकाम, कॉम्प्युटर असं काही मिळालं नाही का. हे म्हणाले, "तिच्या हातात आहे ते." मला वाटतं ह्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा आनंद होता, पण तो त्यांनी तेवढ्याच चार शब्दांत सांगितला. मुलगी पास झाली. नोकरी मिळेना. दोन ठिकाणी तिला तोंडावर सांगितलं, "लड़की को वाइस पर नहीं लगाते. ऑफिस में बैठना है तो बोलो." वाइस म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट पकडून धरणारा तो जबडा, त्यापुढे उभं राहून कानस चालवायची असते. मुलीला तिथेच उभं राहायचं होतं.

मग भोपाळबाहेर मंडीदीपच्या एका लहान कारखान्यातून बोलावणं आलं. तिथे साचे बनवतात. दसऱ्यानंतर शनिवारी ट्रेड टेस्ट, हाताने एक जोड घासून बसवायची, आणि येताना आपापल्या कानशी आणायच्या. फोनवर मुलीने विचारलं, "सर, लड़कियों को वाइस पर लेते हैं?" तिकडून उत्तर आलं, "हाथ देखेंगे, फिर बोलेंगे." तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "आई, हे पहिलेच आहेत जे नाही म्हणाले नाहीत."

ह्यांनी ट्रंक उघडून तिला सहा कानशी निवडून दिल्या. त्यांत एक अगदी बारीक दात्यांची होती, शेवटचा हात फिरवायची. ती ह्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलेली. गच्चीवर जुन्या स्टुलाला वाइस आवळून बापलेक रोज दोन तास सराव करायचे. खाली मला तो आवाज ऐकू यायचा, खर्र, खर्र, खर्र, एका लयीत. लय चुकली की ह्यांचा आवाज यायचा, "खांदा! हाताने नाही, खांद्याने!"

नवरात्राच्या मधेच वर्ध्याहून फोन आला की थोरल्या दिरांचं ऑपरेशन ठरलं आहे. हे गेले. जाताना मुलीला पन्नास सूचना दिल्या, मला एकही नाही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची पद्धत आमच्याकडे आहे. क्वार्टरमध्ये हे स्वतः करायचे. मी दारातून नैवेद्याची वाटी द्यायची, तेवढाच माझा भाग. ते नक्की काय लावतात, कसं लावतात, हे मी कधी पुढे होऊन बघितलं नव्हतं. ह्या वर्षी ते नव्हते, आणि पोरीच्या परीक्षेला तीन दिवस होते. मला वाटलं, ह्या वर्षी पूजा चुकता कामा नये.

सकाळी मी देव घासायला बसले. पितळेचे देव मी चिंचेच्या कोळात मीठ घालून घासते, आई तसंच करायची. देव लख्ख झाले आणि वाटीत कोळ उरला. समोर कागदातून सोडवलेल्या कानशी होत्या, काळ्याकुट्ट, दात्यांत मळ बसलेला. देवांच्या शेजारी त्या फार दीनवाण्या दिसत होत्या. मी तोच कोळ घेतला. नारळाच्या शेंडीने एकेक कानस घासली, नळाखाली धुतली, फडक्याने पुसली. बावीसच्या बावीस. आतून अशा पांढऱ्या निघाल्या की मला खरंच आनंद झाला. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा माझ्या हातात आल्या होत्या. मग पाटावर मांडल्या, हळद आणि कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकीवर बोटं ओढली, झेंडू वाहिला.

मुलगी आंघोळ करून आली आणि थबकली. "बाप रे, आई! चमकतायत एकदम. पुसल्यास ना नीट?"

"पुसल्या."

"बाबांनी बघितलं असतं तर—"

"बाबा वर्ध्याला आहेत," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो. पूजेला लावलेलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं, म्हणून तिनेही हात लावला नाही.

दसऱ्याला दुपारी सोनं द्यायला शिवाजी नगरची जुनी मंडळी येणार होती. त्यांना बसवायचं कुठे? रजया खुर्च्यांवर, कानशी पाटावर, ट्रंक उघडी. तेव्हा मला ती युक्ती सुचली. गव्हाचा उंच पत्र्याचा डबा रिकामा होता. मी पाटावरचं निर्माल्य काढलं आणि बावीसही कानशी त्या डब्यात उभ्या केल्या, मुठी वर, एकीला एक चिकटून. हातभर जागेत सगळ्या मावल्या. वरून झाकण दाबून बसवलं आणि डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. ट्रंकेत रजया गेल्या. नियम माझ्या डोक्यात होता, पण मी एकीवर एक ठेवलेली नव्हती, एकीशेजारी एक उभी केली होती. मी मनाची तशी समजूत घातली. पाहुणे आले. त्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, केवढं मोकळं वाटतंय घर!" मी पदर सारखा केला. मला ते फार आवडलं.

शुक्रवारी सकाळी मुलगी फोटो आणि सर्टिफिकेटच्या झेरॉक्स काढायला निघाली. तिथून मैत्रिणीबरोबर मंडीदीपची बस कुठे थांबते ते बघून येणार होती. चप्पल घालता घालता म्हणाली, "आई, माझ्या सहा कानशी बाहेर काढून ठेव हं. आल्यावर थोडा हात फिरवते."

ती गेल्यावर मी डबा ओढला. झाकण उघडलं आणि ओल्या लोखंडाचा वास आला. एक कानस उपसली तर ती लाल होती. मला वाटलं कुंकू आहे. पदराने पुसलं. पदराला डाग पडला, पण कानस तशीच लाल राहिली. बोटाने घासलं, मग नखाने. कुंकू वरच्या बाजूला होतं, आणि हा रंग खाली, दात्यांच्या मुळाशी, टोकापर्यंत गेलेला. मी दुसरी काढली. तिसरी काढली. मग सगळा डबा फरशीवर उपडा केला. तेव्हा दात्यावर दाता आपटून जो आवाज झाला तो मला अजून आठवतो.

बावीसच्या बावीस गंजल्या होत्या.

पहिला विचार खरं तर मुलीचा आला नाही, ह्यांचा आला. हे उद्या दुपारच्या गाडीने येणार होते. मग ती आठवली, "हे पहिलेच आहेत जे नाही म्हणाले नाहीत," असं म्हणणारी. ती साडेचारला परत येणार होती. दहा वाजले होते.

खाली रस्त्यावर हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे जाऊन मी नुसतं बोट दाखवलं. त्याच्याकडे दोनच कानशी होत्या, जाड दात्यांच्या, ग्रिलवाले वापरतात तशा. बारीक दात्यांची मागायला त्या प्रकाराचं नावही मला येत नव्हतं. परत आले. मग आठवलं, नेहरू नगरात वळणावर एक शटर दुरुस्त करणारे म्हातारे मियां बसतात, त्यांच्या दुकानाबाहेर भिंतीला अशाच कानशी टांगलेल्या असतात. दूध आणायला जाताना मी रोज बघायची. त्यांच्याशी बोलायचा प्रश्न कधी आला नव्हता. परक्या माणसाशी बोलायचं झालं की मी मागे सरकते. लहानपणापासून तसंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण आता वर्गात उभं राहून बोलावं लागणार नाही म्हणून थोडं बरंही वाटलं होतं.

सहा कानशी टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातल्या आणि निघाले. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. तिथे दोन माणसं कुलपाबद्दल हुज्जत घालत होती. ती गेली. एक स्कूटरवाला आला. तोही गेला. मियांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, कारण एव्हाना मी बराच वेळ तिथे उभी होते. मग मी रस्ता ओलांडला.

"जी बहन?"

मी नुसता टॉवेल उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी एक कानस उचलली, उजेडात धरली, जवळ नेऊन वास घेतला. "ये रेती है कि अचार?"

माझे कान तापले. तोंडातून निघून गेलं, "मेरी नहीं हैं. पड़ोसन की हैं."

"अच्छा, पड़ोसन की." त्यांनी दुसरी उचलली. "तो क्या डाला पड़ोसन ने इसमें?"

"इमली."

"और?"

"नमक."

"नमक!" त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे खां, सीधे हथौड़ी से तोड़ देतीं. ऊपर से ये लाल क्या है?"

"पूजा की थी."

त्यांनी कानस हलकेच खाली ठेवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "पूजा की थी, तो अल्लाह बचाएगा थोड़ा-बहुत. किसके काम की हैं?"

"लड़की की परीक्षा है. कल."

"पड़ोसन की लड़की की."

"जी."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. बोटं अजून लाल होती. मी ती पदराखाली घेतली. लोखंडाचा एक तुकडा वाइसमध्ये आवळून त्यांनी एकेक कानस त्यावर ओढली. पहिल्या दोन घसरत, कुरकुरत गेल्या. तिसरीने थोडं पकडलं. ती बारीक दात्यांची ओढली तेव्हा तिचा आवाजच आला नाही, नुसती सरकली. ते चुकचुकले. "ये महीन वाली का भरोसा नहीं. बाक़ी बचेंगी. ऊपर की जंग है, दाँत अभी खाए नहीं. आज नहीं देखतीं तो जातीं सब."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवायच्या, दोन तास. तारेच्या ब्रशने झाडायच्या, पण दात्यांच्या तिरक्या रेषेतच, आडवं नाही. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायच्या म्हणजे आंबटपणा मरतो. पुसून उन्हात टाकायच्या. "तवे पे मत सेंकना सुखाने को, पानी उतर जाएगा, फिर किसी काम की नहीं." पोलादाला दिलेलं पाणी उतरलं की ते मऊ पडतं, हे ह्यांच्या तोंडून मी ऐकलं होतं. शेवटी दात्यांत खडू भरायचा, म्हणजे ओल धरत नाही. "खट्टे से बिगड़ी, खट्टे से ही बनेगी. मगर नमक नहीं, बहन. और एक के साथ एक सटा के मत रखना. सबको अलग कोठरी."

त्यांनी स्वतःचा तारेचा ब्रश मला दिला. मी पैसे काढायला गेले तर म्हणाले, "लौटा देना. पड़ोसन के हाथ नहीं, ख़ुद आना."

सिरक्याच्या चार बाटल्या घेतल्या. घरी आल्यावर कळलं की लांब कानस मावेल असं पसरट भांडंच नाही. परातीत मुठी बाहेर, पाती तिरकी. गॅलरीत प्लास्टिकची लांबट कुंडी होती, तिच्यात मी कोथिंबीर लावली होती. ती उपटली, माती काढली, कुंडी धुतली, खालची भोकं कणकेने बुजवली. सहा कानशी आडव्या ठेवल्या, मधे एकेक काडी घातली, वरून सिरका ओतला. बारीक फेस वर येऊ लागला. मी तिथेच बसून राहिले. कणीक भिजून एक भोक उघडं पडलं आणि सिरका ठिबकू लागला, तेव्हा त्यावर बोट दाबून बसले. एका हाताने घड्याळ बघत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट आंबत होतं. खालून मालकीणबाईंचा आवाज आला, "ऊपर क्या चल रहा है? चटनी की बास आ रही है!" मी बोट आणखी दाबलं.

दोन तासांनी ब्रश घेतला. तिरक्या रेषेत, एका दिशेने. काळंलाल पाणी निघालं. पुन्हा, पुन्हा. तीन कानशींचे दाते खालून करडे दिसायला लागले, तेव्हा पहिल्यांदा मी नीट श्वास घेतला. बारीक दात्यांची मात्र मधोमध बोटभर काळी राहिली. तिच्यावर मी कितीदा ब्रश फिरवला असेल. दाते इतके बारीक होते की ब्रश त्यांत शिरतच नव्हता.

साडेचारला मुलगी आली तेव्हा सहाही कानशी गॅलरीत पांढऱ्या चादरीवर एकमेकींपासून लांब लांब पडल्या होत्या आणि बाकीच्या सोळा कुंडीत होत्या. तिने खांद्यावरची पर्स न काढताच विचारलं, "हे काय आहे?"

मी सांगितलं. चिंच, मीठ, डबा, सगळं. सांगताना तिच्याकडे बघितलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, एकेक उचलून नखाने दाते चाचपू लागली. "आई, सोळा मुलगे येणार आहेत तिथे. सगळे मी चुकायची वाट बघणार." मग बारीक दात्यांची हातात घेतली. "ही गेली."

"नवीन आणू या. तू नाव सांग, मी जाते जुन्या भोपाळात."

"तू?" ती माझ्याकडे बघत राहिली. "जाऊन येईतो अंधार पडेल. आणि नवी कानस अशी एका दिवसात हातात बसते का गं? आधी पितळेवर चालवावी लागते." थोडं थांबून म्हणाली, "हिच्या टोकाने होईल. टोक बरं आहे. छोटे छोटे हात मारीन. खडू कुठेय?"

ती गच्चीवर गेली. मी खाली मशीन उघडली. मियांचं बोलणं डोक्यात होतं, सबको अलग कोठरी. ह्यांची खाकी युनिफॉर्मची एक पँट ट्रंकेच्या तळाशी होती, जाड कापडाची. विचारायला हे नव्हते. मी कापली. सहा लांब कप्पे शिवले, प्रत्येक कानशीच्या मापाने, कापडावर कापड दुमडून, म्हणजे गुंडाळलं तरी दात्याला दाता लागू नये. वर झाप घातली, बांधायला नाडी लावली. गुंडाळल्यावर सहा कानशींची वळकटी मनगटाएवढी झाली. वरून लय ऐकू येत होती. खर्र, खर्र. मग थांबायची. मग पुन्हा. दर वेळी थांबली की माझं मशीनही थांबायचं.

सकाळी ती वळकटी पर्समध्ये घालून गेली. जाताना पाया पडली नाही, एरवी परीक्षेला जाताना पडते. विसरली असेल.

दुपारी हे आले. दिरांचं बरं होतं. जेवताना विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "गेली." "कानशी नेल्या?" "नेल्या." बाकीच्या सोळा मी पुन्हा कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या होत्या, रजया पुन्हा खुर्चीवर आल्या होत्या, म्हणून त्यांना काही वेगळं दिसलं नाही. ते झोपले. मी भांडी घासली. उठतील तेव्हा सांगायचं असं ठरवलं. उठले, चहा घेतला, पेपर वाचला. मी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "साखर पुरे आहे ना?"

सहाच्या सुमाराला मुलगी आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?" हे उठून उभेच राहिले.

"घेतलं," ती म्हणाली.

ह्यांनी डोळे मिटले. पण ती अजून चप्पल घालूनच उभी होती. "पण वाइसवर नाही. आधी सगळ्यांच्या कानशी टेबलावर मांडायला लावल्या. एक जाड मिशीवाले सर आहेत. त्यांनी माझी बारीकवाली उचलली, म्हणाले, ये दाग कैसा? मी म्हटलं, जंग लग गई थी. किसने रखी थी? मी म्हटलं, मैंने. जोड बरोबर बसली बाबा, मापात होती. पण वर ओरखडे राहिले, त्या कानशीचे. सर म्हणाले, हाथ अच्छा है, मगर जो औज़ार नहीं रख सकता, वो पहले रखना सीखे. तीन महिने स्टोअरमध्ये. अवजारं साफ करायची आणि लावून ठेवायची. मग बघू म्हणाले."

"स्टोअर?" ह्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं घासून घेतलं तुझ्याकडून ते स्टोअरसाठी? गंज चढला? माझ्या घरात कानशीला गंज? एवढंही शिकवलं नाही मी तुला? त्या मुलांच्या समोर—"

मुलगी खाली बघून ऐकत होती. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तिने ते तिथेही अंगावर घेतलं होतं आणि इथेही घेणार होती.

"तिने नाही," मी म्हणाले.

ह्यांनी ऐकलं नसावं. ते बोलतच होते.

"अहो, तिने नाही! मी धुतल्या. चिंच-मीठ लावून. आणि डब्यात कोंबल्या. सगळ्या. बावीस." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. खाली मालकीणबाईंनाही गेला असेल.

हे माझ्याकडे वळले. "मीठ?"

"देव घासले त्यातच."

"आणि कुंकू?"

"ओलं."

"मी कोरडं वाहतो. आणि फक्त मुठीला."

"मला कुठे माहीत होतं? तुम्ही कधी सांगितलंत?"

हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. ते वाकले, ट्रंक ओढली, एकेक कानस कागदातून काढून खिडकीपाशी नेऊन बघू लागले. सोळाच्या सोळा. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी दाराशी उभ्या होतो. मग मुलीने खाकी वळकटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, कापड ओळखलं, कप्प्यात बोट घालून बघितलं, बोटाचा वास घेतला. "सिरक्याचं कुणी सांगितलं?"

"नेहरू नगरात शटरवाले मियां आहेत. त्यांनी."

"तू गेलीस? एकटी?"

"हो."

"काय म्हणालीस त्यांना?"

"पडोसन की हैं म्हणाले."

मुलगी फस्सकन हसली. ह्यांनी तिच्याकडे रागाने बघितलं, मग तोंड खिडकीकडे फिरवलं. खांदे हलत होते. "पडोसन," ते म्हणाले. मग कानशी परत ट्रंकेत ठेवू लागले. बारीक दात्यांची कानस मात्र त्यांनी कागदात गुंडाळून आपल्या कपाटात, कागदपत्रांच्या खाली ठेवली. तिच्याबद्दल आजवर बोलले नाहीत. ते मला टोचतं.

सोमवारपासून मुलगी मंडीदीपला जाऊ लागली. पहिल्या दिवशी येऊन म्हणाली, "आई, तिथे एका ड्रॉवरमध्ये कानशी सरपणासारख्या भरल्यात. आणि मला म्हणे रखना सीखो!" जागा किती आहे विचारलं तर तिने हातांनी माप दाखवलं, लहानसा खण. कापडाच्या वळकट्या शंभर कानशींना शिवायच्या कुठून? मी गव्हाचा डबा पुढे ओढला. नळवाल्याकडून प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे आणले होते, ते मी त्यात उभे लावून बघत होते. प्रत्येक तुकड्यात एक कानस. शेजारी शेजारी उभ्या, पण कोणी कोणाला लागत नाही. तळाला ओल धरू नये म्हणून खडूची भुकटी, एक कापराची वडी, आणि झाकण नाही. बावीस कप्पे तितक्याच जागेत मावले. मुलगी त्यात कानस घालून-काढून बघत राहिली आणि मग तिने मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या आठवड्यात तिथल्या स्टोअरमध्ये तसेच पाइप लागले. ट्रंकेत पुन्हा रजया गेल्या.

तीन महिने पूर्ण व्हायच्या आधीच एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या तळहाताला, अंगठ्याच्या खाली, फोड होता. तिने तो मला न बोलता दाखवला. स्टोअरमध्ये असा फोड येत नाही. हे चष्मा लावून तो बघत म्हणाले, "मूठ चुकीची धरतेयस," आणि तेल गरम करायला स्वतः ओट्याशी गेले.

दुसऱ्या दिवशी मी ब्रश परत करायला गेले. इतके दिवस टाळलं होतं. मियांनी चष्मा वर केला. "कहो बहन, पड़ोसन की लड़की का क्या हुआ?"

मी म्हटलं, "मेरी लड़की है. वाइस पर लग गई."